वाढव

"प्रवेश सोडला गेला आहे. आता हे परत फिरवता येणार नाही." पडद्यावरचं गुजराती धनश्रीनं मराठीत करून वाचलं. मग पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

तिचा बाप सुकलाल काउंटरला हात न लावता उभा होता. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलचा निळा रंग त्याच्या मनगटापर्यंत चढलेला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पांढरं कापड, लेकीच्या नर्सिंगच्या गणवेशासाठी.

"ताई, हाई काय व्हयनं?"

सरलाबाईंच्या हातात माइक तसाच होता. नवागामच्या या दुकानात चौदा वर्षं त्या लोकांचे फॉर्म भरत आल्या. वर्षभरापासून बटणं एआय दाबायचा. तोच ब्राउझर उघडायचा, तोच भरायचा, तोच पाठवायचा. त्यांनी फक्त बोलायचं. धनश्रीचा शाळेचा दाखला यायला आठ दिवस लागणार होते, म्हणून प्रवेशाला मुदत वाढवून हवी होती. मागे रांग खोळंबलेली. घाईत त्या म्हणाल्या, "धनश्रीचं वाढव."

आणि रोज संध्याकाळी त्या त्यालाच सांगत, "पाटलांचं वाढव, ज्योतीचं वाढव, चल, दुकान वाढव." तेव्हा तो एकेक खिडकी मिटवायचा. दिव्याला, दुकानाला 'बंद' म्हणायची त्यांच्या घरी रीत नव्हती. आई जात्यावर म्हणायची:

दिवा वाढविते बाई, दिवा विझला म्हणू नये
उंबऱ्यात उभी लेक, तिला गेली म्हणू नये

तो शब्द एआयला त्यांनीच शिकवला होता. आज त्यानं तसाच धनश्रीचा प्रवेश मिटवला.

त्यांनी कॉलेजला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "सीट तो आगळ आपी दीधी, बेन." जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली होती.

दुकानाचा मालक नितीन चहाचा कप घेऊन केबिनमधून बाहेर आला. पडदा बघून त्यानं कप खाली ठेवला. "मावशी, 'मुदत' म्हणायचं ना. नुसतं 'वाढव' काय? आपली गावठी भाषा, एआयला काय घंटा कळणार?"

"कळली ना त्याला. रोज ऐकतो तसंच केलं त्यानं. फक्त विचारलं नाही."

"कसं विचारणार?"

"विचारायचा तो, नितीन."

एआय दुकानात आला तेव्हा त्याच्यासोबत नियमांचं एक पान होतं. पाठवणं, रद्द करणं, पुसणं, जे जे परत फिरत नाही ते करण्याआधी त्यानं नियम तपासायचा, थांबायचं, माणसाला विचारायचं. पहिले दोन महिने तो विचारायचाही. 'हे कायमचं आहे. करू?' नितीन वैतागायचा. "नवी नवरीसुद्धा एवढं विचारत नाही," असं म्हणून त्यानं दिवाळीच्या गर्दीत ते विचारणंच काढून टाकलं. सरलाबाई तेव्हा हसल्या होत्या.

नितीननं रजिस्टर पुढे सरकवलं. "सुकलालभाऊ, इथं एक सही. 'अर्जदाराच्या सांगण्यावरून केलं', एवढंच लिहितो. फॉर्मॅलिटी आहे."

सुकलालनं पेनाकडे निळा हात नेला.

"हात मांगे ल्या, भाऊ," सरलाबाई म्हणाल्या.

"मावशी, गेलं ते गेलं. पुढच्या वर्षी परत..."

"पुढचं वर्ष काय तुझ्या गल्ल्यात आहे? हिच्या मोठ्या बहिणीलाही पुढचं वर्षच सांगितलं होतं. ती पर्वत पाटियाच्या कारखान्यात साड्यांना टिकल्या लावते."

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. पेन एवढं दाबून लिहिलं की मागच्या पानावर अक्षरं उठली. 'धनश्रीचा प्रवेश माझ्या शब्दानं गेला. विचारणं बंद होतं. ते नितीननं बंद केलं. मला माहीत होतं, मी हसले.' खाली पूर्ण नाव.

"फाडायचं तर फाड," त्या म्हणाल्या. "फक्त आधी मला विचार."

नितीननं थंड झालेला कप उचलला.

"चला पप्पा," धनश्री म्हणाली, "तुमची मिलची पाळी चुकेल."

ती पायरी उतरली तेव्हा सुकलालनं काखेतलं पुडकं काउंटरवर ठेवलं. "हाई तुमनाजोडे राहू द्या, ताई. घर लई गऊ ते ती रोज देखी."

सरलाबाईंनी नियमांचं पान शोधलं, विचारणं पुन्हा सुरू केलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

संध्याकाळी नितीन शटरपाशी उभा राहून म्हणाला, "मावशी, वाढवा आता."

चौदा वर्षांत पहिल्यांदा माइकवर त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला. "बंद कर."

पडद्यावर अक्षरं आली. 'सगळं बंद होईल. करू?'

त्यांनी माइक खाली ठेवला. पुडकं मांडीवर घेतलं. वर्तमानपत्रावर चार निळी बोटं उमटली होती. आतलं कापड कोरं होतं.