म्हसवडच्या मेंढ्या, सांगलीचा संगणक

सांगलीतल्या कॉलेजच्या ग्रंथालयात सृष्टीने संगणकावर ‘मेंढ्यांचे आजार’ एवढंच इंग्रजीत टाकलं आणि लाखभर लेख निघाले. ती म्हसवडची, मेंढरांमागे फिरतच मोठी झालेली. प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होती आणि प्रबंधाचा विषय उद्या सरांना सांगायचा होता. पहिला लेख ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांवर होता, दुसराही तिथलाच. तिने दोन्ही उतरवून घेतले.

ग्रंथपाल विजयमाला मॅडम मागून डोकावल्या. “काय गं, सासर ऑस्ट्रेलियातलं बघतेयस का?”

सृष्टी ओशाळली. मॅडमनी शेजारी बसून देश कसा निवडायचा, जुनी वर्षं कशी वगळायची ते दाखवलं. लेखांचा आकडा सरसर उतरला, आणि सृष्टीला त्याचा नादच लागला. मॅडम उठून गेल्यावर तिने सातारा जिल्हा टाकला, माण तालुका टाकला, वर म्हसवडही टाकलं.

पडद्यावर शून्य.

ती व्हरांड्यात आली आणि वडिलांना फोन लावला. “आबा, आपल्या मेंढरांवर कुणी ओळसुद्धा लिहिली न्हाई!”

“मग ब्येसच की,” ज्योतिबा म्हणाले. “म्हंजी आपली मेंढरं आजारीच पडत न्हाईत. ही दारातली लंगडी बी नाटकच करतीया म्हण.”

सृष्टी खळखळून हसली, पण ‘लंगडी’ या शब्दाशी तिचं मन अडकलं. पावसाळी चिखलात दरवर्षी दोन-चार मेंढ्यांची खुरं सडायची. लहानपणी तीच औषध लावायला बसायची. तिला सगळे आजार कुठं हवे होते?

“आबा, ठेवते!”

“आगं, जेवलीस का ते तर सांग...”

आत येऊन तिने आधी गाव, तालुका आणि जिल्हा काढून टाकला. ‘आजार’ खोडून ‘खूर सडणे’ घातलं, ‘पावसाळा’ घातलं, देश तेवढा ठेवला. या खेपेला एका पानात मावतील इतकेच लेख आले. त्यातला एक विजापूरकडचा होता; तिथल्या मेंढपाळांच्या तळांवर जाऊन कुणीतरी हेच बघितलं होतं.

“मॅडम, सापडलं!” ती एवढ्या जोरात ओरडली की वाचणाऱ्यांच्या माना वर झाल्या.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “छान. आता ते वाचायचंही असतं, बाळा. आणि मनातल्या मनात.”