ओवीची दुसरी ओळ

तासगावजवळच्या त्या बेदाण्याच्या शेडमध्ये आता फक्त पंख्यांची घरघर. लांब टेबलाशी बसून बायका बेदाण्यातल्या काड्या आणि काळे मणी वेचत होत्या. माना खाली.

परवापरवापर्यंत इथं ओव्या चालायच्या. एकीनं पहिली ओळ म्हणायची, समोरचीनं दुसरी जोडायची. कुणाच्या घरी लग्न निघालं, की तिच्या लेकीची ओवी टेबलभर फिरायची.

दीपमाला याच टेबलावरून सुपरवायझर झालेली. माल मागं का पडतोय, असं मालक धैर्यशीलरावांनी दरडावून विचारलं, तेव्हा ती गांगरली. माल ओला होता, मणी चिकटून वेचायला वेळ लागत होता. पण तो तिनंच पास केलेला.

"बायका गात्यात, साहेब. हात मंदावतात," तिच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून गाणं बंद. बायकांनी बोटं मोडली ती मालकाच्या नावानं.

आज जेवणाच्या सुट्टीत, पूर्वी टेबलाशी तिच्यासमोर बसणाऱ्या हरणाबाईंनी तिच्यापुढं डबा सरकवला. "दीपे, उद्यापास्नं मी येत न्हाई. पलीकडच्या शेडात जाते. पगार तेवढाच, पर तोंड उघडाय मिळतं. हितं दिस सरंना गं."

"आवं मावशी..."

"पर तुझ्या लेकीचं, समीक्षाचं लगीन निघालंय, तिची ओवी गाऊनच जाईन म्हन्ते. तेवढं मालकाला इचार. तुझं आयकंल त्यो."

"आयकतोय! हसलं तर दात झिजत्याल म्हून गप बसतंय ते," बाळाबाई म्हणाली. बायका खिदळल्या.

दीपमालानं हातातला घास खाली ठेवला. तिला आवडते म्हणून हरणाबाईंनी लसणाची चटणी वेगळी बांधून आणली होती.

"मावशी, मालकानं न्हाई. मीच सांगितलं त्यास्नी. ओला माल मी घेतला, आन नाव तुमच्या गाण्याचं पुढं केलं."

हसणं विरलं. हरणाबाईंनी डब्याला झाकण लावलं.

दीपमाला उठली. केबिनमध्ये जाऊन तेच पुन्हा बोलली. धैर्यशीलरावांनी समोरची वही मिटली. "गाऊ दे त्यांना. तुझं मग बघतो."

बाहेर येऊन ती टेबलाशी आपल्या जुन्या जागी बसली. आवाज फाटका निघाला.

"मांडवाच्या दारी गं, लेक हळदीनं पिवळी..."

दुसरी ओळ समोरून यायची. समोर हरणाबाई. त्यांची बोटं मण्यांवरून फिरत राहिली, मान वर झाली नाही.

दीपमालानं पुन्हा पहिलीच ओळ म्हटली.