मेजाचा सख्खा भाऊ

मी एक कठडा. मनात साठलेला मत्सर आज बोलून टाकतो.

गावातल्या दोन आळ्यांच्या दंगलीनंतर प्रार्थनामंदिर नव्याने बांधले, तेव्हा सुताराने एकाच ओंडक्यातून मेज आणि मी, असे दोघांना घडविले. मेजाला पुढे मान मिळाला. मला मंदिराच्या मधोमध स्क्रूंनी आवळले. माझ्यापुढे वरची आळी, मागे खालची. येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायची, त्या प्रभुभोजनाला वरची आळी मेजाभोवती बसे. ती उठली की उरलेली भाकर मागच्यांना माझ्यावरून मिळे.

मेजावर शुभ्र वस्त्र, फुले, मेणबत्त्या. माझ्यावर ओल्या छत्र्या! कसा जळणार नाही मी?

एकच सुख होते. खालच्या आळीतील शिंपीणबाई भाकर नाकारीत आणि माझी कड घट्ट धरून उभ्या राहत. भाकर वरच्या आळीतल्या बेकरीवाल्यांच्या भट्टीतली असे. दंगलीत शिंपीणबाईंच्या यजमानांनी जीव वाचविण्यासाठी या बेकरीवाल्यांचेच दार ठोठावले होते. ते उघडले नाही. यजमान पायरीवरच मारले गेले. माझी कड धरणारा बाईंचा तो हात माझा होता. मेजाला तो कधीही मिळू नये, असेच मला वाटे.

एका रविवारी उपदेशात पाळक म्हणाले, "समेट म्हणजे विसरणं नव्हे. ज्यानं दुखावलं, त्यानं आधी उठून जायचं."

बेकरीवाले उठले आणि थेट माझ्यापाशी आले.

"ताई, आवाज ओळखला होता मी. तुमच्या आळीचा म्हणून दार उघडलं नाही."

बाईंची बोटे माझ्यावर रुतली. "माफ केलं, असं आज म्हणवणार नाही, भाऊ. पण आधी हा कठडा काढा. मधे हा ठेवून कसली माफी मागता?"

माझ्या बाई, आणि मलाच काढा म्हणाल्या!

त्याच दुपारी मला उखडून अंगणात टाकले. पुढच्या प्रभुभोजनाला दोन्ही आळ्या एकदम बसू लागल्या, तो घंटा वाजवणारे आजोबा ओरडले, "अहो, मेज आखूड पडतंय! सगळे एकत्र बसणार, हे सुताराला कुणी सांगितलंच नव्हतं की!"

"मग तो कठडा काय ऊन खायला ठेवलाय?" शिंपीणबाई म्हणाल्या. "जोडा त्याला."

मला आडवे करून मेजाला जोडले. बाई माझ्याच बाजूला बसल्या, समोर बेकरीवाले. त्यांनी पुढे केलेला तुकडा बाईंनी घेतला, माझ्यावर ठेवला, बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग खाल्ला. बेकरीवाल्यांना मान वर करवेना.

अजूनही सारे आम्हा दोघांना मिळून 'मेज'च म्हणतात. माझे नाव कोणी घेत नाही. ते सलते. तरी एक विनंती आहे. माझ्या अंगावरची स्क्रूंची भोके बुजवू नका. पूर्वी मी काय होतो, ते येथे जेवणाऱ्यांना दिसू द्या. मेजाला अशी भोके नाहीत. एवढ्यापुरता तरी त्याने माझा हेवा करावा.