फौजदाराचा पाय आणि भैरवाचा सेक्रेटरी

नंदुरबारबाहेर मिरची वाळवायच्या पथारीवर त्या सकाळी मिरचीपेक्षा माणसंच जास्त पसरली होती. देठ खुडायचं सोडून बायका, हमाल, टेम्पोवाले, सगळे एका खाटेभोवती गोळा झाले होते. खाटेवर श्वानसिद्ध महाराज बसले होते. आपण काळभैरवाचे खास सेक्रेटरी आहोत, देवाकडे जाणारी प्रत्येक फाईल आपल्या हातून जाते, असं ते स्वतःच सांगत. देवाच्या ऑफिसातही आपल्यासारखीच टेबलं असतात हे ऐकून लोकांना फार बरं वाटे.

चमत्कार मात्र डोळ्यांदेखत होई. हिवाळा लागल्यापासून पथारीवरचं एकेक कुत्रं लंगडू लागलं होतं. मालक जवळ गेला की ते गुरगुरे, दात दाखवी. महाराज जवळ गेले की तेच कुत्रं शेपूट हलवत पाय पुढे करी. महाराज पायावर अंगारा चोळत, "पॉझिटिव्ह व्हायब्रेशन सोडतोय," म्हणत, आणि कुत्रं चार पायांवर चालू लागे. मुक्या जीवाला साधू कळतो, असं म्हणत लोक हात जोडत. दक्षिणा म्हणून मिरचीचं एक पोतं टेम्पोत टाकावं लागे. महाराज स्वतः मिरचीला बोट लावत नसत, ते विरक्त होते ना.

गर्दीत शोभाबाई मात्र रडकुंडीला आली होती. तिचा फौजदार, पथारीचा राखणदार कुत्रा, पोटच्या पोरासारखा वाढवलेला, आठ दिवसांपासून मागचा उजवा पाय उचलून चालत होता. तो लंगडायला लागला आणि महाराज नेमके अक्कलकुव्याच्या दौऱ्यावर गेले. ते काल रात्री परत येईतो पाय सुजून केळीच्या खुंटासारखा झाला. आज महाराजांनी पाय हातात घेतला, थोडं चाचपलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. मग मोठ्या आवाजात निकाल दिला, की करणी भारी आहे, घरावरची पीडा कुत्र्याने अंगावर घेतली आहे. अमावस्येपर्यंत पायाला कुणी हात लावायचा नाही. लावला तर पीडा कुत्र्यातून निघून घरातल्या गर्भारणीवर जाईल.

घरात गर्भारीण एकच होती, शोभाबाईची लेक निशा. सातवा महिना होता तिला. आता सांगा, कोणती आई हात लावील? इकडे लेक, तिकडे मुका जीव. शोभाबाईने पदराने डोळे पुसले आणि फौजदाराला गोणपाटावर निजवलं. अमावस्येला अजून पाच दिवस होते.

निशा बारावी शिकलेली. तिने आईचं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. शोभाबाई कपाळावर हात मारून घेऊ लागली, तशी निशा शांतपणे म्हणाली, "ती पीडा मन्हावर यी ना, माय? मंग मीच ठरावसू."

तासाभरात डॉक्टर चेतना पथारीवर आल्या. महाराजांनी खाटेवरूनच शाप द्यायला सुरुवात केली, पण बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी साबणाने हात धुतले, फौजदाराला थोडा वेळ हात हुंगू दिला, मग तोंडाला सैल पट्टी बांधली. फौजदार गुरगुरलासुद्धा नाही.

"मावशी, तुम्ही का नाही बघितलात पाय?"

"मन्हा हातले तिखट शे, बाई. हात लावताच तो आरडस. म्हनीसन तो माले पाय धरू देत नही."

"मग ह्या बाबाला कसा धरू देतो?"

उत्तर सोपं होतं. अख्ख्या पथारीवर मिरचीचा हात नसलेला माणूस तो एकच, वर त्याच्या झोळीत बिस्किटं. रोज पहाटे तो कुत्र्यांना खाऊ घालतो, लाडाने मांड्या चोळतो, हे साऱ्यांनी पाहिलं होतं आणि साऱ्यांनी त्याला भूतदया म्हटलं होतं.

बाईंनी सुजेवरचे केस कापले. आत, मांसात रुतून बसलेला, मासे धरायच्या गळाचा पातळ दोरा होता. चिमट्याने उचलून त्यांनी तो कापला. फौजदार एकदाच केविलवाणा विव्हळला आणि त्याने मान टाकून डोळे मिटले.

"अजून दोन दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता," बाई म्हणाल्या.

महाराज घाईने म्हणाले, तो तर रक्षादोरा आहे. नथ्थू हमालाचं कुत्रं त्यांनी दौऱ्यावर जायच्या आधीच बरं केलं होतं आणि आज पहाटेपासून ते दुसऱ्या पायाने लंगडत होतं. नथ्थूने त्या पायाचे केस बाजूला केले, तर तिथेही तोच दोरा. त्याने मुकाट्याने महाराजांची झोळी खाटेवर पालथी केली. बिस्किटांच्या पुड्यांतून दोऱ्याचं रीळ घरंगळलं, आणि आत पातं बसवलेली एक अंगठीही. पहाटे दोरा आवळायचा, चार दिवसांनी अंगारा चोळता चोळता पात्याने तोडायचा, झाला चमत्कार. फौजदाराच्या वेळी दौरा लांबला, दोरा मांसात गेला आणि पात्याला सापडेना. म्हणून अमावस्येपर्यंत हात लावायची बंदी.

"रक्षादोरा शे, तर केसमा का दडायना?" नथ्थूने विचारलं. सेक्रेटरीसाहेबांकडे ह्या फाईलवर शेरा नव्हता. मग त्याच टेम्पोतून लोकांनी त्यांना पोलीस ठाण्यात पोचवलं.

शोभाबाई फौजदारापाशी बसून ढसाढसा रडली. "आठ दिन तू माले पाय दखाडी ऱ्हायंता," ती म्हणाली, "आनि मी त्या मेलानी वाट देखी ऱ्हायंतू."

बाईंनी जाताना समजावलं तो काही मंत्र नव्हता. जनावर लंगडलं की आधी त्याला बसवा. हात स्वच्छ धुऊन पंजा बघा, बोटांच्या बेचक्यात काटा, काच, तुटलेलं नख आहे का बघा, केसांखाली काही आवळलंय का चाचपा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, त्याने जनावर मरतं. सूज असेल, पाय टेकत नसेल, तर दवाखाना गाठा.

पंधरा दिवसांनी शेजारची भिकुबाई लंगडी शेळी घेऊन आली आणि तळोद्याकडे आता कोणता बाबा चांगला, म्हणून चौकशी करू लागली. शोभाबाईने शेळीला मांडीशी घेतलं, तिचा खूर उलटा केला आणि बाभळीचा बोटभर काटा उपसून भिकुबाईच्या हातावर ठेवला.

"हाऊ देख तुन्हा बाबा," ती म्हणाली. "आते घर जाय, आनि पाय गरम पानीतीन धोय."