बाप्तिस्म्याचे घंगाळ

मित्रांनो, तांब्याच्या भांड्यालाही भीती वाटते हे तुम्हांला खरे वाटणार नाही. पण मी एक जुने घंगाळ आहे आणि पहिल्यापासून भित्रे आहे. माझ्या दोन्ही कड्या सैल झाल्या आहेत. कोणी मला घाईत उचलले की त्या खुळखुळतात. लोक म्हणतात, घंगाळ वाजले. खरे म्हणजे मी थरथरत असते.

तांबटाने मला घडवले ते अंघोळीच्या पाण्यासाठी. चारठाण्याच्या एका घरात मी बरीच वर्षे राबले. मग तिथे गिझर आला आणि मी माळ्यावर गेले. रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली की मी अडगळीत अंग चोरायचे. शेवटी त्या घरच्या लेकीने मला झरीजवळच्या आपल्या सासरी, वस्तीवरच्या छोट्या चर्चला आणून दिले. मोठ्या चर्चमध्ये बाप्तिस्म्यासाठी दगडी कुंड असते. आमच्याकडे पत्र्याचे छप्पर, लाकडी क्रूस आणि चार सतरंज्या. कुंडाच्या जागी मी बसले. झाडलोट करणारी सुमनबाई मला चिंचेने घासायची. वर्षातून एखाद-दुसऱ्या लेकराच्या कपाळावर माझ्यातले पाणी पडायचे. बाकीचे दिवस धूळ आणि पाली.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येत. इतर रविवारी मंडळीतले वडीलधारे गोपीचंदभाऊ प्रार्थना चालवत. बिशपांचे नाव घेऊन झाले की ते 'जगभरातल्या आपल्या मंडळ्यांसाठी' प्रार्थना करत. इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे आमच्या या अँग्लिकन पंथाचे लोक आहेत म्हणे. ऐकून बाकीच्यांना बरे वाटायचे. मला धडकी भरायची. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात आमच्या दहा घरांना कोण ओळखणार? त्यात कुंडाऐवजी अंघोळीचे घंगाळ. उद्या कोणी तपासायला आले तर?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका दुपारी वस्तीवरचे नवरा-बायको चंद्रभान आणि निकिता धावत आत आले. निकिताच्या हातात त्यांचे पंधरवड्याचे लेकरू होते. त्याचा श्वास अडकत होता, ओठ निळे पडले होते. परभणीला न्यायला जीप बोलावली होती आणि ती चर्चसमोरच थांबणार होती. चंद्रभान पाळकसाहेबांना फोन लावत होता. फोन लागत नव्हता.

"मावशे," निकिता म्हणाली, "बिगर बाप्तिस्म्याचंच जायलंय का वं माझं लेकरू?"

झाडत असलेल्या सुमनबाईने केरसुणी टाकली. "मागं मी बी पाळकसाहेबाची वाट बघत बसले व्हते. माझं लेकरू बिननावाचं गेलं. आता न्हाई थांबायची मी. नाव काय ठेवायचं ह्याचं?"

"जीवन."

तिने माठातले पाणी माझ्यात ओतले, ओंजळीने तीनदा लेकराच्या कपाळावर घातले आणि काहीतरी पुटपुटली. काय, ते मला ऐकू आले नाही. भीतीने माझ्या कड्याच एवढ्या वाजत होत्या. तोवर जीपवाला आत आला होता; त्याने लेकराला उचलले आणि जीप परभणीला निघाली.

देवाची दया, जीवन वाचला. पण तो घरी आला आणि नवीच काळजी सुरू झाली. गोपीचंदभाऊ वाईट माणूस नव्हेत, ते माझ्यासारखेच भित्रे.

"सुमनबाई, ना पाळक, ना पुस्तक. बिशपसाहेबांनी इचारलं तर काय सांगायचं? आपन लहान मंडळी. वरचे मानतेल का हे?"

सुमनबाईला जेवण जाईना. मला घासताना ती एकदा हळूच म्हणाली, "मी पाप तर न्हाई केलं?" त्या दुपारी लेकरावर पाणी घालताना ती काय म्हणाली होती, हे मलाही ऐकू आले नव्हते.

पाळकसाहेबांचा रविवार आला. गोपीचंदभाऊंनी सकाळीच मला काठोकाठ भरून ठेवले, पुन्हा बाप्तिस्मा करावा लागणार म्हणून. जीवन वाचला म्हणून नंतर जेवण होते. त्या दुपारचा जीपवाला रामकिशन पोखर्णीहून मुद्दाम आला होता आणि दाराशी बसला होता. त्याच्या जीपमध्ये नृसिंहाचा फोटो असतो.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेचे पुस्तक उघडले. "पाणी आणि ठरलेले शब्द, एवढं असलं की अडचणीच्या वेळी कोणीही केलेला बाप्तिस्मा खरा असतो. म्हणून मला विचारावं लागतं. कोणी केला?"

"मी, साहेब."

"कशानं?"

"माठातल्या पान्यानं."

"कोणत्या शब्दांनी?"

सुमनबाईचे ओठ हलले, आवाज फुटेना. निकिता रडू लागली. त्या दिवशी तिच्या कानांत लेकराच्या श्वासाशिवाय काही शिरले नव्हते. माझ्यातले पाणी हिंदकळू लागले.

"साहेब, मी सांगू का?" दारातून रामकिशन म्हणाला. "मी तुमच्यातला न्हाई. पन लेकराला उचलायला आलतो तवा ऐकलं. 'जीवन, मी तुझा बाप्तिस्मा करते, बापाच्या, पुत्राच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं.' त्यायचं पुरं व्हईस्तोवर मी हात मागंच ठिवला."

"व्हय," सुमनबाई म्हणाली. "असंच म्हन्ले व्हते."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटले. "मग झालाय बाप्तिस्मा. तो आता मला परत करता येत नाही, बिशपसाहेबांनासुद्धा नाही. हा नियम आपल्या वस्तीपुरता नाही. लंडनच्या चर्चमध्ये गेलं तरी हेच विचारतील, आणि हीच उत्तरं ऐकून या बाळाला आपलं म्हणतील. भाऊ, ते पाणी ओतून द्या."

गोपीचंदभाऊंनी मला उचलून लिंबाच्या बुडाशी रिकामे केले. पाळकसाहेबांनी कोरड्या अंगठ्याने जीवनच्या कपाळावर क्रूस काढला. त्या दुपारचे पाणी पुरेसे ठरले होते; मी रिकामेच राहिले, आणि एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

दिवाळीनंतर चंद्रभान आणि निकिता जीवनला घेऊन ऊसतोडीला गेले. फडावरची थंडी, ट्रकचा प्रवास, सगळ्याची मला भीती वाटते. फक्त एक भीती उरली नाही. ते कुठल्याही गावच्या चर्चमध्ये गेले, तिथे संगमरवरी कुंड असो की प्लॅस्टिकची बादली, जीवनला कोणी परत ओले करणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे भांडे असेल तर त्याला माळ्यावर टाकू नका. घासून, पुसून हाताशी ठेवा. गरज सांगून येत नाही. सुमनबाई आता झाडलोट झाली की रोज माझ्यात तांब्याभर ताजे पाणी ओतून ठेवते. बिननावाचे गेलेले लेकरू तिला पुन्हा बघायचे नाही.