मानाच्या फुलाला ऊन

अमानीच्या डोंगरात वेलदोडा सावलीत वाढतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेमवेटालाही होतं. पण माणूस रोपवाटिकेचा प्रमुख झाला की अक्कल गहाण पडते.

जिल्ह्याचे साहेब दुर्मिळ जांभळं फूल बघायला येणार होते. फूल दिसलं तर प्रमुखपद टिकणार, नाहीतर ते मेव्हण्याच्या घशात. हे फूल उरलं होतं फक्त ओढ्याकाठच्या कातळावर, दाट झाडीच्या अंधारात. तिथली काही रोपं आणून शेमवेटाने केळीच्या पानांच्या छपराखाली लावली होती. कळ्या काही उमलेनात. कुंपणावरची जांभळट फुलांची घाणेरी मात्र नुसती माजली होती.

"बघ ही भवानी, उन्हात कशी फोफावलीय! आणि आपलं बिचारं अंधारात कुजतंय. मानाच्या पाहुण्याला कुणी कोपऱ्यात बसवतं का?" असं म्हणत त्याने छप्परच ओढून काढलं.

"सालेहेचे बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना?" बायको, म्वानाहावा, ओरडली. "वेलदोडा असा उघडा टाकाल का?"

"वेलदोडा जातो बाजारात. हे सरकारदरबारी जाणार. तुला काय कळतंय त्यातलं!"

साहेब आले तोवर रोपांचा पापड झाला होता. साहेबांनी मात्र वाफ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते थेट कुंपणावरच्या घाणेरीपाशी गेले. "हेच का ते? वा, काय रंग आहे!"

शेमवेटाच्या डोळ्यांपुढे मेव्हण्याचं तोंड आलं. "हेच, साहेब."

"मग त्या कातळावर लावा की भरपूर! तिथे अंधार फार आहे म्हणतात. झाडं काढून टाका."

"काढतो, साहेब."

पद टिकलं. संध्याकाळी म्वानाहावाने त्याच्यापुढे मक्याच्या पिठाची उगाली आदळली आणि शेजारी कुऱ्हाड ठेवली. "धार लावलीय. आता उरलीसुरली फुलंही भाजून या. तुमचा हात बसलाच आहे."

शेमवेटाला लाज वाटली. खरंच वाटली, घास उतरेना. तरी सकाळी कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो कातळाकडे निघाला. दारातून मात्र परत फिरला आणि टोपी घेऊन आला. झाडं पडल्यावर तिथे ऊन फार लागणार होतं.