विमानाच्या गोठ्यावरचं लाल लुगडं

मी एक जुना हँगर आहे. विमानं ठेवायची लोखंडी शेड म्हणजे हँगर. पण वसईच्या आमच्या गावात मला या नावाने कुणीच ओळखत नाही. इथे सगळे मला ‘विमानाचा गोठा’ म्हणतात. आधी मला या नावाचा राग यायचा. आता नाही येत. गोठा तर गोठा, नाव तर आपुलकीनंच घेतात ना!

मित्रांनो, माझा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. गोऱ्या साहेबांना समुद्रावर नजर ठेवायची होती. त्यांनी केळीच्या वाड्यांपलीकडचं माळरान सपाट केलं आणि माझ्या पोलादी कमानी उभ्या केल्या. कमानी वर चढवताना दोर ओढायला गावची तरणी पोरं होती. त्यात एकोणीस वर्षांचा बॅप्टिस्ट होता. दोर ओढता ओढता तो माझ्यात असा गुंतला, की पुढे माझा चौकीदारच झाला. गोरे गेले, आपलं वायुदल आलं, तरी बॅप्टिस्ट होताच. रोज सकाळी तो माझ्या सरकत्या दारांना तेल घालायचा. मी कुरकुरलो की म्हणायचा, “काय रे, दमलास?”

काय रुबाब होता तेव्हा माझा! छोटी शिकाऊ विमानं सकाळी घरघरत बाहेर पडायची आणि दुपारी गपगुमान परत यायची. माझ्या छपरावर एक खांब होता, आणि खांबाला कापडाची एक लांब पिशवी. वारा भरला की ती फुगायची आणि वारा कुठून कुठे जातो ते दाखवायची. विमान उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन. म्हणून वैमानिक आधी पिशवी बघतो, मग जमीन.

पण पिशवी फक्त वैमानिकच बघायचे असं समजू नका हं. सगळं गाव बघायचं. ती ताठ उभी राहिली की बागायतदार केळीच्या घडांना टेकू द्यायला धावायचे. सुकेळीसाठी उन्हात केळी मांडलेल्या बायका मान वर करून पिशवी बघायच्या आणि ठरवायच्या, आज चटया लवकर गोळा करायच्या की नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतर विमानं गेली ती कायमची. मला कुलूप लागलं. बॅप्टिस्ट तेवढा राहिला, हातात एक नोंदवही आणि कंबरेला किल्ल्या. सरकारी पिशवी उन्हापावसाने चिंध्या होऊन उडून गेली. बॅप्टिस्टने नवीसाठी तीन अर्ज पाठवले. उत्तर येईना. आणि गाव तर त्याच्याच मागे लागलं. “बॅप्टिस्ट, पिशवी लाव की! वारा कळायचा कसा?”

त्याच वर्षी त्याच्या घरी सून आली, रिटा. माहेरून शिलाई मशीन घेऊन आलेली. सासूने, म्हणजे कार्मिनने, आपलं जुनं लाल लुगडं तिच्यापुढे टाकलं. “बघ याचं काही होतंय का.” रिटाने एका दुपारी पिशवी शिवली. तिच्या नवऱ्याने, प्लासिडने, माझ्या पाठीवर चढून ती बांधली. वारा भरला आणि काय सांगू! सरकारी पिशवीला फुगायला वेळ लागायचा. लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं, ते नुसत्या झुळकीनेही उठायचं.

त्यानंतर चारच महिन्यांनी ती गोष्ट घडली. भर दुपारी एक छोटं विमान माझ्या डोक्यावर घिरट्या घालू लागलं. त्याचं इंजिन मधूनच खोकत होतं. माझा तर जीव खाली-वर झाला. दोन फेऱ्या मारून ते माळावर उतरलं. आतला तरुण वैमानिक घामाने भिजला होता. कार्मिनने त्याला पेज दिली. थोड्या वेळाने वायुदलाची गाडी आली. जाताना त्याने बॅप्टिस्टची नोंदवही मागितली, तिच्यात इंग्रजीत भराभरा काहीतरी लिहिलं, शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आणि गेला.

रेघ बघून बॅप्टिस्टचा चेहरा उतरला. “तक्रारच ही! सरकारी कापडाच्या जागी बायकोचं लुगडं लावलं. आता नोकरी जाणार.”

“फादरकडून वाचून घ्या ना,” कार्मिन म्हणाली.

“फादरला कुठल्या तोंडाने सांगू?”

त्याने वही मेणकापडात गुंडाळली आणि माझ्या डाव्या दाराजवळच्या कमानीच्या खोबणीत दडवली. हे माझ्याशिवाय चौघांनाच ठाऊक होतं. मला तरी वाचता कुठे येतंय? गोऱ्यांनी मला बांधलं म्हणून इंग्रजी थोडंच येतं! माझे कान तर गावातच तयार झाले.

नोकरी काही गेली नाही. पण मरेपर्यंत सरकारी गाडी दिसली की बॅप्टिस्ट खाली बघायचा. पिशवी मात्र त्याने उतरवली नाही. गावच उतरवू देईना! पावसाळा सरला की दरवर्षी नवी लागायची. हळूहळू रीतच पडली, की त्या वर्षी ज्या घरची म्हातारी गेली त्या घरचं लुगडं वर चढायचं. मग वाडीत काम करताना कुणी म्हणायचं, “आज आमची आई जोरात आहे, टेकू लावा रे!”

माझे पत्रे गंजले, आत वटवाघळं राहायला आली, समोर नायगावकडे उंच टॉवर उभे राहिले. आणि एक दिवस माझं नशीब उघडलं. माझ्यात विमानांचं संग्रहालय करायचं ठरलं! रंग लागला, दिवे लागले. दोन जुनी विमानं ट्रकांवरून आली. एकाचे पंख गोखिवऱ्याच्या वळणावर तासभर अडकले होते म्हणे. पन्नास वर्षांनी पोटात विमान आलं, मित्रांनो. मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

संग्रहालयाच्या प्रमुख संपदा मॅडम. बाई हुशार आणि कामाला वाघ, पण सगळं मूळचं हवं हा त्यांचा हट्ट. त्यांनी छपरावरचं लुगडं उतरवलं आणि नारिंगी-पांढरी तयार पिशवी मागवली.

रिटा आता सत्तरी ओलांडलेली. गेल्या वर्षी कार्मिन गेली, शहाण्णव वर्षांची होऊन. यंदाची पिशवी कार्मिनच्या लुगड्याची. रिटा ती शिवून घेऊनच आली.

“मावशी, समजून घ्या,” संपदा मॅडम म्हणाल्या. “उद्या लोक विचारतील, हे लुगडं इथे कशाला?”

रिटा पिशवीची घडी घालून घेऊन गेली. त्या दिवशी मला माझा नवा रंगसुद्धा आवडेना.

चार दिवसांनी नवराबायको परत आले. प्लासिडकाका सरळ माझ्या डाव्या दाराकडे गेले आणि खोबणीतून मेणकापडाचं पुडकं काढलं.

“मॅडम, तुम्ही जुने कागद मागत होता. ही बाबांची नोंदवही. यात आमच्याविरुद्ध तक्रार आहे. पण आहे ते आहे.”

“लुगडं मी शिवलं होतं,” रिटा म्हणाली. “बाबांचा दोष नव्हता. तेवढं खाली लिहा.”

संपदा मॅडमनी पान उघडलं. वाचता वाचता त्या थांबल्या. परत पहिल्यापासून वाचलं.

“मावशी, ही तक्रार नाही हो.” आणि त्या एकेक ओळ मराठीत सांगू लागल्या. “माझं इंजिन बंद पडत होतं. हे मैदान ओसाड आहे हे मला माहीत होतं. पण वरून लाल पिशवी दिसली, वाऱ्याने भरलेली. तिच्यावर भरवसा ठेवून उतरलो. ती ज्यांनी शिवली आणि बांधली, त्यांच्यामुळे मी आज माझ्या आईकडे परत जातो आहे.”

“आणि ती रेघ मारलेली ओळ?” प्लासिडकाकांनी विचारलं.

संपदा मॅडमचा आवाज खाली आला. “ही पिशवी कुणीही काढू नये.”

रिटा तिथेच माझ्या दाराला टेकून बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. “बाबा उगाच घाबरत राहिले गं. सगळा जन्म घाबरत राहिले.” मीही मनातून रडलो. पन्नास वर्षं ती शाबासकी माझ्याच खोबणीत पडून होती, आणि मी तिला तक्रार समजून सांभाळत होतो.

संपदा मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. “मावशी, मी चुकले. पिशवी आणाल?”

“आणायची कशाला? पिशवीत आहे,” रिटा म्हणाली, आणि हातातल्या बाजाराच्या पिशवीतून तिने कार्मिनचं लुगडं काढलं.

प्लासिडकाकांचे गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणून त्यांचा मुलगा केनी वर चढला. खाली अर्धं गाव जमलं होतं. गाठ बसली, आणि लुगडं उठलं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात काही जुनं जपून ठेवलं असेल, तर नुसतं जपू नका. एकदा उघडा, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. आणि मला भेटायला जरूर या. ती नोंदवही काचेच्या पेटीत आहे, शेजारी मराठीत लिहून ठेवलेलं आहे. विमानं बघा, पंखांना हात लावा, कुणी ओरडणार नाही. फक्त आत येण्याआधी एकदा मान वर करा. वारा कुठला आहे, ते आमची कार्मिन सांगेल.